श्रावणातले बांगडे

"श्रावण पाळावा तर गोरखभाऊंनी! महिनाभर मासळीचं नावसुद्धा काढत नाहीत!" असं कुसगावात कोण म्हणायचं? खुद्द गोरखभाऊच! तेही रोज, देवळाच्या पायरीवर बसून. शेजारच्या सोपानने बांगड्याचं नुसतं स्वप्न सांगितलं, तर त्याला तिथल्या तिथे आंघोळीला पिटाळलं होतं!

अशात एका वादळाच्या सकाळी त्यांच्या खुराड्यावर एक पाखरू येऊन बसलं. बदकापेक्षा मोठं, पांढरंशुभ्र, चोचीभोवती काळा मुखवटा. कोंबडा भीतीने पिंपामागे दडला.

"काय रुबाब हाय गड्या!" गोरखभाऊंनी हात जोडायचेच बाकी होते. त्यांनी कणी ठेवली, भाकरी ठेवली. पाखराने मान फिरवली.

लेक अमृताने फोटो काढून पुण्याच्या पक्षीमित्रांना पाठवला. "आप्पा, हा भर समुद्रातला पक्षी! वादळात भरकटलाय. ते लोक उद्या येतील, पण तोवर मासे नाही मिळाले तर जगायचा नाही."

"मासं? श्रावणात?" गोरखभाऊंची बायको कस्तुराबाई कडाडल्या. "अवो, उंबऱ्याच्या आत आणलंत तर बघा!"

गोरखभाऊंनी पाखराकडे पाहिलं. एवढा दर्या, एवढा घाट ओलांडून आलेला जीव आपल्या दारात मरणार? त्यांना राहवेना. रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढून ते लोणावळ्याचा बाजार गाठते झाले. श्रावणामुळे मासळीबाजारात गिऱ्हाईक एकच!

"अगंबाई, गोरखभाऊ! तुमी?" मासेवाली मावशी अशी ओरडली की रस्त्यावरून चाललेल्या सोपानने गाडीच थांबवली.

"पाखरासाठी नेतोय रं!"

"व्हय व्हय! आन पाखराला कोकमबी लागत आसंल!"

घरी पोचेपर्यंत मागे निम्मी आळी खिदळत येत होती. पण पाखराने मान टाकलेली बघून सगळे खुराड्याभोवती गोळा झाले.

गोरखभाऊंनी शेपटीला धरून एक बांगडा पुढे केला. "खा रं बाबा. तुज्यापायी आब्रू गेली, आता तू तरी जाऊ नगंस."

पाखराने डोळा उघडला आणि अख्खा बांगडा गट्टम केला! मग दुसरा, मग तिसरा. पिशवी रिकामी झाल्यावर ते दुपारभर तिथेच बसलं. कुणी जागचं हललं नाही. उन्हं कलताना त्याने पंख उघडले. केवढे ते पंख! सगळं परस झाकलं गेल्यासारखं वाटलं. ते वाऱ्यावर चढलं, वळलं आणि घाट ओलांडून कोकणाच्या दिशेने निघून गेलं. कस्तुराबाईंनी पदर सावरून हात जोडले. गोरखभाऊंना तर हुंदकाच आला.

"चुकलो भाऊ," सोपानने कान पकडले.

पुढच्या आठवड्यात गोरखभाऊ भाजी घ्यायला बाजारात गेले, तर समोरून रेनकोटची टोपी नाकापर्यंत ओढून सोपान! हातातल्या पिशवीतून शेपट्या डोकावत होत्या.

"भाऊ, माज्याकडंबी पाखरू उतरलंय!"

गोरखभाऊंचा जीव कळवळला. "आरं, मग चल बिगीबिगी! खातंय ना?"

"खातंय की," सोपान खाली बघत म्हणाला, "पण त्याला तळल्यालंच लागतंय!"