सावंतदादांचा बिल्ला

१७ एप्रिलला गॅलरीत मसाल्याच्या मिरच्या वाळत घालत होते. एक चादर पसरेपर्यंत शेजारचे सावंतदादा तीनदा गेले आणि तीनदा आले.

आमच्या चाळीत संडास त्या टोकाला, दादांची खोली या टोकाला, मधे बारा दारं. निघताना पहिली हाक माझ्या दारात : "बाय गो, जावन येतंय. माग बघ!"

गिरणीत ते विणकर होते. लघवीला जायचं तर जॉबरकडून, म्हणजे खात्याच्या मुकादमाकडून, पितळी बिल्ला घ्यायचा आणि शेजारच्याला आपला माग बघायला सांगायचं. संप झाला, गिरणी पुन्हा उघडली नाही, पुढे वहिनीही गेल्या. बिल्ला तेवढा परत करायचा राहिला. तो दाराच्या खिळ्यावर असतो. निघताना दादा गळ्यात घालतात, आल्यावर टांगतात. हसलं तर म्हणतात, "शिस्त होयी."

पण दिवसाला वीस खेपा? गेल्या महिन्यात घाईत ओल्या लादीवर घसरले, मनगट मुरगळलं. मीच दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी लघवी तपासली, साखर तपासली आणि म्हणाले, "पिशवीला उगाच घाई आहे. रोज सकाळी ही गोळी."

गोळीने दादांचं तोंड कोरडं पडायचं, पण खेपा सहावर आल्या. आठवडाभर गॅलरी शांत. मग पुन्हा पहिल्यासारखं.

"गोळी घेता ना?"

"घेतंय गो."

मिरच्या वाळत घातल्या त्या दिवशी मसाल्यासाठी त्यांचा रिकामा डबा मागितला. झाकण काढलं, तर तळाला गोळ्या.

"दादा, पुन्हा पडायचंय का?"

दादा अंगठ्याने बिल्ला पुसत बसले. "येका खेपेक बारा दारां. कोण सांगता भाजी काय केली, कोण सांगता चेडू पास झाला. गोळी घेतली नि सगळा बंद."

"मग नुसतं यावं की बोलायला."

"नुसता कोणाच्या दारात कसा जावचा? काम होया."

मी उठून मिरच्या उलटवल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाबरोबर गोळी दिली आणि गिळेपर्यंत समोर उभी राहिले. मग खिळ्यावरचा बिल्ला काढून स्वतःच्या गळ्यात घातला.

"दादा, जाऊन येते. मिरच्यांवर कावळे बसतात. माझ्या दारात बसा आणि माग बघा."