मनोबल संवर्धन समिती आणि धाकटीचे एकेचाळीस गुण

पहिल्या सराव परीक्षेत कमी गुण पडणं ही व्यक्तिगत बाब नसून कौटुंबिक आपत्ती असते, आणि आपत्ती आली की समिती नेमावी लागते. समिती नेमली नाही तर माणसं थेट उपायच करू लागतात, मग कशालाच धरबंध राहत नाही.

धाकटीला पशुवैद्यकीय प्रवेशाच्या सराव परीक्षेत दोनशेपैकी एकेचाळीस गुण पडले. प्रवेशाला एकशेवीस लागतात आणि खरी परीक्षा सात आठवड्यांवर आलेली. जनावरांची डॉक्टर होणं हे तिचं आजचं खूळ नव्हतं. सहावीत असताना तिने शेजारच्या कुत्र्याच्या पायातली काच काढली होती (कुत्रा तेव्हापासून तिला ओळख देत नाही). गुण पाहून ती अर्धा तास रडली, तोंड धुतलं आणि चुकलेले प्रश्न सोडवायला बसली. इथेच तिचं चुकलं.

"मनोबल खचलेलं असताना अभ्यास कसला करतेस?" मोठे काका म्हणाले. ते मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले होते, पण नोकरी अजून त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती.

"खचलेलं नाहीये, काका."

"बघ. कळतसुद्धा नाही, इतकं खचलंय."

संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर मनोबल संवर्धन समिती स्थापन झाली. काका अध्यक्ष, आई चिटणीस (शिलाई मशीन थांबवून), बाबा सदस्य आणि आत्या फोनवरून निमंत्रित. लाभार्थी म्हणून धाकटीने हजर राहणं सक्तीचं होतं. मताचा अधिकार लाभार्थ्याला नव्हता.

सकाळी सहाला मनोबल मापन व्हायचं (अर्ज क्रमांक एक, दोन प्रतींत). मग आरशासमोर 'मला जमेल' एकवीस वेळा, मोजायला आई. नंतर बाबांचं भाषण. बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. "लिफ्ट खाली आल्याशिवाय माणसाला वर नेते का?" एवढं एकच त्यांना सुचलं होतं, पण ते रोज नव्या उत्साहाने सांगत. मग आत्या, नापास होऊन पुढे मोठ्या झालेल्या ओळखीच्या लोकांची उदाहरणं घेऊन. यादी संपल्यावर तिने नुसते नापास झालेलेही घेतले. असं सगळं पार पडून अभ्यासाला अठ्ठावीस मिनिटं उरत. ती काकांनी राखीव ठेवली होती.

तीन आठवड्यांत मनोबल बेचाळीस टक्क्यांवरून सत्त्याण्णववर गेलं. गुण अडतीसवर आले. काकांनी तक्ता भिंतीवर असा काही चिकटवला की गुणांचा रकाना नेमका कपाटामागे गेला. धाकटी पुस्तक घेऊन न्हाणीघरात बसू लागली, तर समितीने तिच्या पोटासाठी उपसमिती नेमली.

आता मात्र तिला खरोखर धडकी भरली. चारच आठवडे उरले होते. तिने डोळे पुसले आणि अध्यक्षांपुढे लेखी मुद्दा ठेवला: परीक्षेची प्रत्यक्ष पाहणी अध्यक्षांनी अद्याप केलेली नाही.

लेखी मुद्द्याला नाही म्हणणं काकांच्या रक्तात नव्हतं. चष्मा पुसून ते तीन तास सराव परीक्षेला बसले. गुण पडले एकोणीस.

"प्रश्नपत्रिकेतच घोळ आहे," काका म्हणाले.

"काका, मनोबल खचलं का हो?"

"छे! अजिबात नाही."

"बघा," धाकटी अर्ज क्रमांक एक पुढे सरकवत म्हणाली, "कळतसुद्धा नाही, इतकं खचलंय."

लाभार्थी बदलण्याचा ठराव एकमताने संमत झाला. (काकांना आता मत नव्हतं.) दुसऱ्या दिवशी सहाला काका आरशासमोर उभे राहिले, आई मोजू लागली, बाबा लिफ्ट खाली घेऊन आले. धाकटीने आपल्या खोलीचं दार लावलं आणि अभ्यासाला बसली.

खऱ्या परीक्षेत तिला एकशेसव्वीस गुण पडले. काकांचं मनोबल सध्या नव्व्याण्णव टक्के आहे. गुण सतरा.

समितीच्या अंतिम अहवालानुसार, मनोबलाविषयीचा मजकूर शेवटच्या ओळीपर्यंत वाचणाऱ्यांचे सरासरी गुण एकोणीस भरतात. आपला अर्ज क्रमांक एक सोबत जोडला आहे. आपण म्हणाल, मी तर नुसतं गंमत म्हणून वाचत होतो, माझं मनोबल अगदी उत्तम आहे.

बघा.