चारची गाडी आणि जुनी लायब्ररी

"दोन ओळींचं तर काम!" वास्कितोने छाती फुगवून सांगितलं. "ज्या तयार कोडच्या लायब्ररीच्या जिवावर आपला तिकिटांचा प्रोग्रॅम चालतो, तिची आवृत्ती आधी विचारायची. २.९ पेक्षा जुनी निघाली, की प्रोग्रॅम बंद! आणि चारच्या गाडीने मी पाचितानला, घरी!"

"नीट बघ हं," साहेबीण बू एंडांग म्हणाल्या. "सगळ्या काउंटरांवर आजच जाणार आहे ते."

"बू, झोपेतसुद्धा लिहीन!"

झोपेतच लिहिलं म्हणायचं. मन केव्हाच घरी पोचलं होतं. कामापायी सलग दोन ईद सुराबायातच गेल्या होत्या. आईच्या हातचं नारळाच्या रसातलं कोंबडं, तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून मागायची ईदच्या रिवाजाची माफी... आठवलं की पठ्ठ्या घड्याळ बघायचा.

साडेतीनला तो स्टँडवर पोचला, तर काउंटरसमोर ही गर्दी! आत काउंटरवाले पाक सुमार्नो यंत्राला थपडा मारत होते. पडद्यावर एकच वाक्य: 'लायब्ररी जुनी आहे. कृपया नवी घाला.'

"अरे, सकाळीच नवी घातलीय! २.१०!" पाक सुमार्नो यंत्रावर ओरडले. "कुठल्या गाढवाने लिहिलंय हे?"

वास्कितोच्या लक्षात आलं. आकडे त्याने अक्षरांसारखे ताडून पाहिले होते! २.१० मध्ये टिंबापुढे आधी एक दिसला, एक नऊच्या आधी येतो. झालं, दहावी आवृत्ती नववीपेक्षा जुनी ठरली.

"ते गाढव... मीच, पाक."

"मग बाहेर काय करतोस, मास वास्कितो? ये आत!"

आत जाऊन त्याने लॅपटॉप उघडला. बाहेर आरडाओरडा वाढला, तसा कंडक्टरने सरळ वही काढली आणि तो नावं लिहून एकेकाला गाडीत बसवायला लागला. हॉर्न वाजला.

"दोनच मिनिटं!" वास्कितो मान वर न करता ओरडला.

यंत्र सुरू झालं! त्याने पहिलं आपलंच तिकीट दाखवलं. पडद्यावर आलं: 'ही गाडी सुटली आहे. पुढची रिकामी जागा ईदनंतर.'

"वा! झकास चालतंय की!" पाक सुमार्नोंनी त्याची पाठ थोपटली.

तेवढ्यात फोन वाजला. आईचा.

"बाळा, गाडी सुटली का रे?"

"सुटली, आई." खोटं काहीच नव्हतं त्यात. फक्त डोळे भरून आले होते.

"मग मी जागीच राहते हो. दार उघडं ठेवते."

"आई, ऐक ना..."

पण ती फोन ठेवून शेजारणीला सांगायला धावलीसुद्धा.