पाणबुडीच्या पाठलागाचं उरलेलं संगीत

जगातली प्रत्येक मोठी चळवळ अन्यायातून जन्माला येते, असं श्याम बेलसरे यांचं ठाम मत होतं. त्यांची स्वतःची चळवळ चिंचवडच्या त्यांच्या फ्लॅटच्या बाल्कनीत, वाळत घातलेल्या टॉवेलांखाली जन्माला आली होती आणि भारतात तिचे तीन सभासद होते. एक ते स्वतः. दुसरे नाशिकचे एक गृहस्थ. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमधून बाहेर कसं पडायचं हे माहीत नसल्यामुळे ते टिकून होते. तिसऱ्या, श्यामरावांच्या पत्नी शैलाताई. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

अन्याय असा, की हॅरोगेट नावाच्या इंग्रज गुप्तहेराच्या सिनेमांची एक मालिका आहे. तिच्या तिसऱ्या सिनेमात पाणबुडीचा पाठलाग आहे. तो इतका वेळ चालतो की मध्ये चहा करून येता येतं, आणि तेवढा वेळ मागे ट्रम्पेट, ढोल नि व्हायोलिनं जिवाच्या आकांतानं वाजत असतात. पण बाजारात आलेल्या रेकॉर्डवर त्या संगीताचे फक्त चाळीस सेकंद! ट्रम्पेट वर चढतं, आणखी चढतं, आता शिखर गाठणार... आणि बंद! मुठीत अक्षता घेऊन उभं राहावं आणि शेवटच्या ‘सावधान’च्या आधी भटजींनी मोबाइल उचलावा, तसं!

जगभरातले चाहते वर्षानुवर्षं पूर्ण संगीत मागत होते. अखेर लंडनच्या रेकॉर्ड कंपनीनं कळवलं, की महिनाअखेरपर्यंत कागदावर, हातानं केलेल्या भरपूर सह्या आल्या तर विस्तारित आवृत्ती काढू. नाहीतर विषय कायमचा बंद. ‘भारतातून मागणी दिसत नाही,’ असंही एक वाक्य होतं. ते श्यामरावांना जेवताना, अंघोळ करताना, सिग्नलला थांबल्यावर आठवू लागलं.

"अहो, सिनेमा लावूनच ऐका ना ते संगीत," शैलाताई म्हणाल्या.

"त्यात स्फोटांचे आवाज येतात."

"मग स्फोट झाला की कान झाका."

"शैला, तुला नाही कळायचं. आठ दिवसांत आख्खं चाकण हॅरोगेटमय करून दाखवतो!"

"आधी गिझर गरम करून दाखवा."

श्यामराव चाकणच्या एका गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात मेंटेनन्सचे मॅनेजर होते. तिथे पद्धत अशी, की एखाद्या स्टेशनवर काम अडलं की ऑपरेटरनं डोक्यावरची पिवळी दोरी ओढायची. मग लाइन थांबते, दिवा लागतो आणि सुपरवायझरला बोलावणारी एक धून वाजते. जुनी धून रिव्हर्स घेणाऱ्या मोटारीसारखी होती आणि ती ऐकून माणसं आपोआप बाजूला सरकत. श्यामरावांनी सोमवारी ती काढली आणि पाणबुडीचे चाळीस सेकंद बसवले. आधी कानाला गोडी लावायची, मग सही मागायची, असा बेत!

पहिली दोरी ओढली ज्योतीरामनं. हा परभणीकडचा, वेल्डिंगवरचा जुना माणूस. ट्रम्पेट चढलं, ढोल घुमले, आख्खी लाइन माना वर करून ऐकू लागली. आणि बंद! सुपरवायझर नवनाथ धावत आला.

"काय झालं रं?"

"काय न्हाई. पुढं काय व्हतंय बघायलो व्हतो."

"मंग?"

"तुटतंय की हो! पुन्यांदा वडू का?"

नवनाथ चाकणच्या जुन्या घरातला, शिस्तीचा कडक. त्यानं इकडेतिकडे पाहिलं. "वड," तो म्हणाला.

दुपारपर्यंत कारखान्यात कुठे ना कुठे दोरी ओढलेलीच होती. चहाच्या सुट्टीत ज्योतीराम चार जणांना घेऊन श्यामरावांकडे आला. "साहेब, गाणं झकास हाय. पन ऐन रंगात आलं की मुंडी पिरगाळल्यावानी गप व्हतंय. राहिलेलं कुटं हाय?"

जगभरच्या चाहत्यांची व्यथा इतक्या नेमक्या शब्दांत कुणी मांडली नव्हती. श्यामरावांनी हातातला चहा खाली ठेवला. ते चक्क कँटीनच्या बाकावर चढले.

"मित्रांनो! सगळी अकरा मिनिटं तयार आहेत! पण तिकडच्या मालकांनी कपाटात दाबून ठेवलंय! आपल्याला अर्धवट देऊन गप्प बसवलंय! ते म्हणतात, भारतातून मागणीच नाही!"

"असं म्हनत्यात?" नवनाथ तापला. "मागनी न्हाई? आन कागद हिकडं!"

सह्यांची झुंबड उडाली. पेन पुरेनात. पत्रे दाबणाऱ्या प्रेस शॉपवाल्यांनी घोषणाही बसवली: "अर्धवट नको, पूर्ण द्या!"

आता, या कारखान्याचेही मालक परदेशातले होते आणि पगारवाढीचा तीन वर्षांचा करार त्याच महिन्यात संपत होता. कँटीनच्या काचेपलीकडे एचआरच्या प्राजक्ता मॅडम दहीभात खात बसल्या होत्या. त्यांचा चमचा हवेतच थांबला. उत्पादन निम्म्यावर, म्हणजे गो-स्लो! सह्या, म्हणजे मागणीपत्र! आणि बाकावर चढून भाषण ठोकतोय तो चक्क मॅनेजर!

बुधवारी सकाळी त्यांनी सह्यांचे सगळे कागद ताब्यात घेतले आणि श्यामराव, ज्योतीराम व नवनाथला मीटिंग रूममध्ये बोलावलं. महिना संपायला आठवडाही उरला नव्हता. कागद आज कुरिअरला गेले नाहीत, तर ते उरलेलं संगीत या जन्मी कानावर पडणार नव्हतं.

"मॅडम, ते कागद आधी..." श्यामरावांनी सुरुवात केली.

"बेलसरे, तुमचं आपण वेगळं बघू. तुम्ही मध्ये बोलायचं नाही." मॅडम ज्योतीरामकडे वळल्या. "हे बघा भाऊ, ताणून धरण्यात कुणाचंच हित नाही. दर बुधवारी जेवणात गुलाबजाम. चालेल?"

ज्योतीरामला काही कळेना. "गुलाबजाम चालतंय की. पन आमाला पुरं पायजे."

"बरं. सेकंड शिफ्टच्या बसला नवीन सीट."

"ते बी द्या. पन अर्धवट न्हाई चालायचं."

"प्रेस शॉपला मोठे पंखे! यापुढे माझ्या हातात काही नाही!" मॅडमनी सगळं तिथल्या तिथे टाइप करून हेड ऑफिसला आणि सगळ्या कामगारांना मेल करून टाकलं. "आता तरी सांगा, पूर्ण म्हणजे नक्की किती?"

"आकरा मिंटं," नवनाथ म्हणाला.

"कसली अकरा मिनिटं?"

"पानबुडीची."

मॅडमनी तिघांकडे आळीपाळीनं पाहिलं. श्यामरावांनी मोबाइल टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. ट्रम्पेट चढलं. ढोल घुमले. मॅडमच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू विरल्या, बोटं टेबलावर ताल धरू लागली, त्या खुर्चीच्या टोकाशी आल्या. आणि बंद!

"पुढे?" मॅडम म्हणाल्या.

"पुढचं लंडनला आहे. म्हणून तर सह्या."

"पण हे बरोबर नाही हो!" प्राजक्ता मॅडम कळवळून म्हणाल्या. मग त्यांना पाठवलेला मेल आठवला. पंखे, सीट आणि गुलाबजाम आता परत घेता येण्यासारखे नव्हते. त्यांनी एक दीर्घ श्वास घेतला, पेन काढलं, सही केली आणि कागद कंपनीच्याच कुरिअरनं पाठवून दिले. एक अट मात्र घातली: रिव्हर्सची धून आजच्या आज परत बसली पाहिजे.

दोन महिन्यांनी लंडनहून मेल आला. चहाच्या सुट्टीत श्यामरावांनी तो मोठ्यानं मराठी करून वाचला. जगात कुठल्याही एका गावातून चाकणइतक्या सह्या आल्या नव्हत्या! विस्तारित आवृत्ती निघणार होती आणि आतल्या पानावर चाकणचे खास आभार छापले जाणार होते! नवनाथनं टोपी हवेत उडवली. ज्योतीरामनं श्यामरावांना उचललं, आणि मग वजन लक्षात येऊन खाली ठेवलं. प्राजक्ता मॅडमनी बुधवार नसताना गुलाबजाम मागवले. श्यामरावांनी शैलाताईंना फोन लावला.

"शैला! निघतेय! पूर्ण! अकरा मिनिटं!"

"अभिनंदन हो! येताना घेऊनच या मग."

"अजून बाजारात यायचीय गं. थांब, कुठे मिळणार ते खाली लिहिलंय." श्यामरावांनी चष्मा वर सरकवला.

खाली लिहिलं होतं, की ही आवृत्ती भारताखेरीज सर्व देशांत विक्रीस उपलब्ध राहील.