परक्या मयताचे टेंभूर्णे

आमच्या शेजारचे टेंभूर्णे रोज सकाळी उपम्याबरोबर मेलेल्या माणसांची नावं ऐकतात.

खोटं वाटेल, पण इथं आयर्लंडमध्ये, गॉलवेत ही सोय आहे. सकाळच्या बातम्या संपल्या की लोकल रेडिओवर एक बाई जिल्ह्यात कोण कोण गेलं ते वाचून दाखवते. नाव, गाव, देह घरी कधीपर्यंत ठेवणार, चर्च कुठलं, सगळं सांगते, आणि तेही कांद्याचे भाव सांगावेत इतक्या शांतपणे. बाकीची मराठी मंडळी तेवढ्यात स्टेशन बदलतात. टेंभूर्णे आवाज वाढवतात. आमच्या दोन घरांमधली भिंत ही आयर्लंडमधल्या बिल्डरनं केलेली निव्वळ थट्टा असल्यामुळे मलाही सगळं ऐकू येतं. मग कामावर निघताना गाडीची काच खाली करून ते मला विचारतात, "ताई, संध्याकाळी एक चांगलं मयत आहे. येता का?"

मी पुण्याची. आमच्याकडे शेजाऱ्याच्या घरी आमंत्रणाशिवाय बारशालाही जात नाहीत. हा नागपूरचा गृहस्थ मात्र ज्याला जन्मात पाहिलं नाही त्याच्या मयताला इस्त्रीचा शर्ट घालून जातो.

टेंभूर्णे पन्नाशीचे, एकटे. लग्न जमलं नाही, नंतर जमवलं नाही. नागपुरात आई आणि ते असे दोघंच राहायचे. चांगल्या नोकरीसाठी म्हणून चाळिशी उलटल्यावर इकडे आले. हृदयात बसवायच्या बारीक जाळ्या बनतात त्या प्लँटमध्ये ते क्वालिटीला आहेत. म्हणजे दिवसभर भिंगातून खोट काढतात आणि त्याचा पगार घेतात. घरी आल्यावर हेच काम फुकट करतात. माझी पुरणपोळी खाऊन "अ‍ॅक्सेप्टेबल" म्हणणारा हा पहिला आणि शेवटचा माणूस. त्यानंतर मी त्यांना दोन वर्षं पोळी दिली नाही.

मयताचंही त्यांचं असंच. परत आले की कुंपणापाशी उभं राहून अहवाल देतात. "भल्ली गर्दी होती नं ताई! चहा गार होता, पण सँडविच उत्तम. अन् बाहेरचे सगळे पोचले होते. एक पोरगी तर कॅनडाहून आली. तिच्यासाठी दोन दिवस थांबले, बोला!" हे शेवटचं वाक्य प्रत्येक अहवालात असायचंच. कोण कुठून आलं, आणि त्याच्यासाठी किती थांबले. मला वाटायचं, असतो एकेकाला छंद. कुणी विमानं बघतं, कुणी पक्षी.

या छंदाची सुरुवात प्लँटमधल्या एका सहकाऱ्याच्या वडिलांपासून झाली. म्हातारा गेला आणि अख्खी शिफ्ट गाड्या भरून त्याच्या घरी निघाली. त्यात यांनाही बसवलं. इकडे बैठकीच्या खोलीत उघडी शवपेटी ठेवतात आणि लोक रांगेनं आत येतात, घरच्यांचे हात हातात घेतात, देहापाशी क्षणभर थांबतात आणि चहाला जातात. टेंभूर्ण्यांनी बाहेर बूट काढले, मोज्यांवर आत गेले, हात जोडले आणि आपल्या सवयीनं प्रदक्षिणा घालायला लागले. मागच्या माणसाला वाटलं, रांग तिकडूनच आहे. तो मागे गेला. त्याच्या मागे त्याची बायको. त्यांच्या मागे निम्मं गाव. धर्मगुरू आले तेव्हा सगळं कॅथलिक मंडळ म्हाताऱ्याभोवती गोल फिरत होतं आणि कुणालाच कळत नव्हतं की थांबायचं कुठं.

दुसरं म्हणजे पिठलं. मयताच्या घरी चूल पेटवायची नसते, शेजाऱ्यांनी जेवण न्यायचं असतं, हे टेंभूर्ण्यांच्या हाडात मुरलेलं. इथं त्या घरी केटरिंगची गाडी येते, केक येतात, हॅम येतं. पण ऐकतो कोण? हे पातेलंभर पिठलं आणि भात घेऊन हजर. पहिल्या खेपेला लोकांना तो घरगुती गोंद वाटला. दुसऱ्या खेपेला कुणीतरी सोडा ब्रेडवर लावून खाल्लं. आता तर अशी वेळ आलीय की शवपेटी दिसायच्या आधी लोक "टिमचं पातेलं आलं का?" असं विचारतात. टेंभूर्णे म्हणायला जीभ वळत नाही म्हणून सगळ्यांनी त्यांना टिम करून टाकलंय. एका आजोबांनी तर आपल्या मयताला जरा तिखट कर म्हणून आधीच सांगून ठेवलंय. यांनी गंभीरपणे विचारलं, "लसूण चालेल?"

आणि आंघोळ! मयताहून आल्यावर तसंच घरात शिरायचं नाही. म्हणून हा माणूस ऐन जानेवारीत, समुद्रावरून सोसाट्याचा वारा येत असताना, मागच्या अंगणात बादलीभर गार पाणी डोक्यावर ओतून घ्यायचा. मी एकदा ओरडले, "अहो, न्यूमोनिया होऊन मराल!" तर काकडत म्हणाले, "होऊ द्या बाप्पा. गर्दी तर होईल." मागच्या घरातल्या माणसाला हा तब्येतीचा काहीतरी भारतीय प्रकार वाटला. आता तोही रोज बादली ओतून घेतो आणि पाठदुखी गेली म्हणून टिमला दुवा देतो.

टेंभूर्ण्यांच्या पलीकडच्या घरात मॉरा राहायची. ऐंशीच्या पुढची, विधवा, जीभ माझ्यासारखी. रेडिओवरच्या नावांमागचं सगळं पुराण तिला ठाऊक. कुणाचा चुलत दीर, कुणाचं बापाशी भांडण, कोण चर्चमध्ये पुढच्या बाकावर बसायच्या लायकीचा नव्हता. तिला गाडी चालवता येत नव्हती, यांना माणसं माहीत नव्हती. जोडी जमली. काळा कोट घातलेली मॉरा पुढच्या सीटवर आणि तिच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं पिठल्याचं पातेलं, हे दृश्य आमच्या गल्लीनं कित्येक संध्याकाळी पाहिलंय. माझी लेक इथल्या पोरांसारखी आईला 'मॅम' म्हणते. ती म्हणायची, "मॅम, दे आर गॉन ऑन अ डेट अगेन."

मॉराचा एकुलता एक मुलगा डेक्लन ऑस्ट्रेलियात, पर्थला. दोन वर्षांसाठी म्हणून गेला आणि तिथंच रमला. गंमत आहे बघा. आपण नागपूर-पुण्याहून उठून इथं यायचं आणि इथल्या पोरांनी आणखी पुढं सरकायचं, बसमध्ये सरकतात तसं. मॉरा मला एकदा म्हणाली, "मुलगा तिकडे गेला आणि त्याच्या बदल्यात मला टिम मिळाला. अदलाबदल वाईट नाही, पण टिमला माझ्या स्वयंपाकात फार खोट दिसते."

गेल्या हिवाळ्यात मॉरा आठवडाभर हॉस्पिटलात होती आणि तिथंच गेली. त्या सकाळी टेंभूर्ण्यांनी रेडिओ लावला नाही. भिंतीपलीकडून काहीच ऐकू येईना, तेव्हाच मी काय ते समजले.

मॉराला घरी आणलं. तिची बहीण ब्रीडा शेजारच्या मेयो जिल्ह्यातून आली आणि तिनं सगळा ताबा घेतला. चांगली बाई, पण शाळेची मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेली, आणि अजून ते कुणी तिला कळवलेलं नसावं अशी. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्च, मग दफन, मग हॉटेलात जेवण. डेक्लन पर्थहून निघाला होता. पहाटे पोचेल असा हिशेब होता.

दुपारी मी मॉराच्या स्वयंपाकघरात सँडविचं कापत होते. टेंभूर्णे शेगडीपाशी पिठलं ढवळत होते. बैठकीत रांग चालूच होती. तेवढ्यात डेक्लनचा फोन आला आणि ब्रीडानं तो सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. तो मधल्याच एका विमानतळावर अडकला होता. विमान रद्द, पुढचं उद्याचं. तो पोचेपर्यंत परवाची दुपार उजाडणार.

मग तोच म्हणाला, "तुम्ही थांबू नका, मावशी. सगळं ठरलंय, होऊन जाऊ दे. मी इथून वेबकॅमवर बघेन. आय'म ग्रँड."

ग्रँड म्हणजे इथल्या भाषेत ठीक. आणि इथल्या चर्चमध्ये कॅमेरा असतो, दूरदेशी असलेल्यांना घरबसल्या सगळं दिसतं. ब्रीडानं सुटकेचा श्वास सोडला. कुणीतरी म्हणालं, किती समजूतदार पोरगा. आणि पातेल्याशेजारून आवाज आला, "नो."

आम्ही सगळ्यांनी वळून पाहिलं. टेंभूर्ण्यांच्या हातात पिठल्याचा डाव होता. ते आपल्या खास नागपुरी इंग्रजीत म्हणाले, "ही इज नॉट ग्रँड. तो म्हणून राहिला, पण तसं नाही आहे. त्याचं ऐकू नका."

ब्रीडाचा चेहरा लाल झाला. "टिम, हॉटेल सांगितलंय. मेयोहून माणसं आलीत."

"माणसांना मी जेवायला घालतो."

"हा आमच्या घरातला निर्णय आहे. तू घरचा नाहीस."

मला इतका राग आला की हातातली सुरी खाली ठेवावी लागली. मॉराला रोज मयताला घेऊन जाणारा, तिचा कचऱ्याचा डबा ओढणारा, हॉस्पिटलात तिच्या उशाशी बसणारा माणूस घरचा नाही, तर मग घरचा कोण? पण टेंभूर्णे चिडले नाहीत. त्यांनी शेगडी बंद केली, डाव ओट्यावर ठेवला, हात पुसले.

"नाही," ते म्हणाले. "घरचा नाही. पण डेक्लनचं ते वाक्य माझं आहे. मी बोललो आहे हे."

मग त्यांनी सांगितलं. आई गेली तेव्हा त्यांना इकडे येऊन वर्षही झालं नव्हतं. काकांचा नागपूरहून फोन आला. मे महिना, आमच्याकडे देह ठेवत नाहीत, संध्याकाळच्या आत उरकतात. तरी काकांनी विचारलं होतं, बर्फ आणतो, थांबू का रे? आणि हे म्हणाले होते, नका थांबू, कशाला सगळ्यांना त्रास, मी फोनवर बघतो, मी ठीक आहे. प्लँटच्या पार्किंगमध्ये गाडीत बसून त्यांनी ते पाहिलं. अर्ध्यातच नेटवर्क गेलं. मग आत जाऊन शिफ्ट पुरी केली.

"ते विचारत होते, म्हणजे थांबले असते," टेंभूर्णे म्हणाले. "मी एकदा 'थांबा' म्हणायला पाहिजे होतं. तुमच्यात तर थांबायची रीत आहे. मी इतक्या घरांत पाहून राहिलो. तुम्ही सगळ्यांसाठी थांबता. मग याच्यासाठी काहून नाही?"

इतकी वर्षं मी या माणसाच्या छंदाच्या गोष्टी सांगून लोकांना हसवत होते. त्या क्षणी मला माझी लाज वाटली.

ब्रीडा फोनकडे बघत राहिली. "डेक्लन, आहेस का रे तिकडे?"

फोनमधून नाक ओढल्याचा आवाज आला. मग चाळिशीतला तो दांडगा माणूस, लहान पोरासारखं, इतकंच म्हणाला, "थांबाल?"

"मिळेल त्या विमानात बस," ब्रीडा म्हणाली. तिचा आवाज अजूनही मुख्याध्यापिकेचाच होता, डोळे मात्र नव्हते. "आम्ही तिला ठेवतो."

मग जी धावपळ झाली ती विचारू नका. चर्च पुढं ढकललं, हॉटेलवाल्याला गोड बोलून पटवलं, मेयोच्या पाहुण्यांना आमच्या आणि टेंभूर्ण्यांच्या घरी गाद्या घातल्या. टेंभूर्ण्यांनी बेसनासाठी गॉलवेतली सगळी दुकानं धुऊन काढली. ब्रीडानं सकाळी पिठलं खाल्लं आणि "मीठ कमी" म्हणाली. यांनी चक्क मान्य केलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी टॅक्सी येऊन थांबली आणि डेक्लन उतरला. पाठीवर सॅक, दाढी वाढलेली, उन्हानं रापलेला. घरात मुंगीला जागा नव्हती. सगळे त्याचे हात धरायला पुढे सरसावले. टेंभूर्णे मध्ये उभे राहिले.

"सगळे बाहेर," ते म्हणाले. "प्लीज. बाहेर. त्याला एकट्याला बसू द्या."

पाऊस पडत होता. तरी अख्खं घर मुकाट्यानं बाहेर आलं. धर्मगुरू, मेयोचे पाहुणे, हातात बशी घेतलेले आजोबा, ब्रीडा, सगळे अंगणात भिजत उभे राहिले. टेंभूर्ण्यांनी दार ओढून घेतलं आणि खिडकीखाली येऊन माझ्याशेजारी उभे राहिले.

खिडकी किंचित उघडी होती. आत खुर्ची सरकली. मग डेक्लनचा आवाज आला, अगदी साधा, कामावरून घरी परतल्यासारखा.

"मॅम. आय'म होम."

टेंभूर्ण्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं. मी त्यांच्या दंडावर हात ठेवला.

"एवढंच असतं नं ताई," मग हळूच म्हणाले. "मी रोज ऑफिसातून आलो की फाटकापासूनच ओरडायचो, आई, आलो गं! ती आतून शिव्या द्यायची, गल्ली जागी करतो म्हणून. ती गेल्यावर पोचलो, तेव्हा फाटक उघडलं, सवयीनं तोंडही उघडलं."

"मग?" मी विचारलं.

"मग काय बाप्पा. मिटलं."