उद्या पाणी नाही

कुंडलिक खरातचं पोस्टर अर्धंच झालं होतं आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी कॉलेजात द्यायचं होतं. फाइन आर्टच्या डिग्रीचं, कमर्शियलचं शेवटचं वर्ष. पोस्टर नापास झालं की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की वडील त्याला ओळखीच्या बाइंडरकडे पुस्तकांच्या पाठी चिकटवायला बसवणार होते. तसं त्यांनी बाइंडरला सांगूनही ठेवलं होतं.

विषय होता पाणीबचत. मजकूर त्याने स्वतःच बेतला होता : 'उद्या पाणी नाही, असं म्हणायची वेळ आणू नका.' पहिले तीन शब्द लाल आणि जाड, बाकीची ओळ खाली बारीक, पांढऱ्या रंगात. लाल शब्द झकास उतरले. पांढऱ्याची ट्यूब मात्र दाबून दाबून चपटी झाली तरी थेंब येईना. म्हणून कुंडलिकने पोस्टर गॅलरीत भिंतीला टेकवून सुकत ठेवलं आणि तो नवी ट्यूब आणायला स्टेशनकडे गेला. खालची ओळ पुसट पेन्सिलीत होती. ती कुणाला दिसण्यासारखी नव्हती.

घाटकोपरच्या त्या चाळीत कुंडलिकच्या अक्षराला वजन होतं. 'जिन्याखाली सायकली लावू नयेत'पासून जयंतीच्या कार्यक्रमापर्यंत कमिटीचे सगळे बोर्ड तोच रंगवायचा. त्यामुळे शेजारच्या सुंदराबाईंनी लाल अक्षरं वाचली आणि मागचापुढचा विचार न करता घरातला हंडा उचलला.

कुंडलिक परत आला तेव्हा गॅलरीच्या टोकाच्या नळापासून जिन्यापर्यंत रांग होती. हंडे, कळश्या, कुकर, एकीच्या हातात तर बाळाला अंघोळ घालायचा टब. रांगेत त्याची आईही होती.

"आई, तू कशाला उभी आहेस?"

"बोर्ड तूच लावलास आणि मलाच सांगितलं नाहीस," द्रौपदीबाई म्हणाल्या. "लोकांकडून कळलं मला."

"अगं, तो बोर्ड नाही. कॉलेजचं पोस्टर आहे. अजून पुढचं लिहायचंय."

सुंदराबाईंनी हंडा खाली ठेवला.

"पुढचं म्हणजे? परवा पण नाही?"

"तसं नाही हो मावशी—"

पण तोवर ते शब्द जिना उतरून गेले होते. थोड्याच वेळात समोरच्या चाळीतली माणसं बादल्या घेऊन आली. आपल्या नळावर ती कशी, यावरून भांडण जुंपलं. कुंडलिक एकेकाला थांबवून पेन्सिलीची ओळ दाखवत होता. "वाचा ना, खाली लिहिलंय." एका आजोबांनी चष्मा लावून वाचली. "वेळ आणू नका," ते म्हणाले. "म्हणजे लवकर भरा, असंच ना?"

दुपारी नळातून नुसती हवा यायला लागली. खालची टाकी कोरडी झाली आणि पंप तसाच चालू राहिल्यामुळे त्याची मोटर जळाली. चाळ कमिटीचे सेक्रेटरी खंडूकाका धुराचा वास घेत वर आले. कुंडलिक भिंतीला चिकटून उभा राहिला. आता आपली वाट लागली, एवढं त्याला कळलं होतं.

खंडूकाकांनी पोस्टरकडे बराच वेळ पाहिलं. मग त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"मोटरवाला परवा येतोय. उद्या पाणी नाही, खरंच आहे," ते म्हणाले. "तू आधी सांगितलंस म्हणून लोकांनी भरून तरी ठेवलं. शाबास."

रांगेतल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. कुंडलिकला रडू आलं असतं, पण अजून एक ओळ रंगवायची होती. तो ब्रश घेऊन घरात शिरला. जमिनीवर पाय ठेवायला जागा नव्हती, इतकी भांडी भरलेली होती.

"आई, वाटीभर पाणी दे."

"नाही. ते पिण्याचं आहे."

"रंग घट्ट आहे गं. ब्रश फिरणार नाही."

"उद्या पाणी नाही," द्रौपदीबाई म्हणाल्या. "बाहेर तूच लिहिलंयस ना?"

शेवटी त्याने कपात उरलेल्या चहात रंग कालवला आणि ती ओळ लिहिली. ती पांढरी झाली नाही. एखादा जुना डाग पुसायचा राहून गेला असावा, तशी दिसत होती.

सकाळी बिनअंघोळीचा कुंडलिक वागळे सरांच्या टेबलासमोर उभा राहिला. सरांनी पोस्टर जवळून पाहिलं, मग दोन पावलं मागे जाऊन पाहिलं.

"लेटरिंग बरं आहे रे," ते म्हणाले. "पण जाहिरातीत जीव नाही. हे वाचून माणसाने उठून काहीतरी केलं पाहिजे. हे वाचून कुणी जागचं हलणार नाही."

कुंडलिकने पोस्टर गुंडाळायला घेतलं.

"नापास करत नाही," सर म्हणाले. "सोमवारी दुसरं आण. विषय बदलून देतो. घरात आग लागली तर काय करावं."

कुंडलिकच्या डोळ्यांपुढून पळणाऱ्या माणसांनी तुंबलेले चाळीचे दोन्ही जिने गेले.

"सर, ते मी इथेच, वर्गात बसून केलं तर चालेल?"

"का? घरी काय अडचण आहे?"

"घरी पाणी नाही, सर," कुंडलिक म्हणाला.