बापूमामाची अर्धली

पालमच्या एसटी स्टँडवर बापूमामा दिसला की मास्तर लोक मुतारीकडे वळायचे. मामा मारकुटा नव्हता. त्याचा एकच सवाल होता आणि तनखा घेणाऱ्या कुणालाही तो सोडत नसे. "गुरुजी, चारा किती, दूध किती?" चारा म्हणजे डिगरीला लागलेला पैसा आणि दूध म्हणजे दर महिन्याचा पगार. उत्तर नाही आलं तर गुरुजींच्या चपलांकडे बघून मामा स्वतःच हिसाब लावायचा आणि चारचौघांत सांगून टाकायचा, "तोट्यात हाय बिचारं."

बापूमामा माझ्या आईचा थोरला भाऊ. खांद्यावर घोंगडं, मागे मेंढरं आणि दुनियेकडे बघायची नजरही मेंढरांच्याच बाजारातली. मला बघायला आलेल्या एका नवरदेवाला त्यानं तोंड उघडायला लावून दात बघितले होते. पाहुणे चहा न घेता उठले. मला मनातून बरंच वाटलं, कारण मला बी.एड. करायचं होतं.

आमच्या घरात बी.ए. झालेली मी पहिली. हे सांगताना मी आजही आवाज बारीक करत नाही. पण परभणीच्या कॉलेजात फी होती आणि फीच्या पाठीमागं देणगी उभी होती. वडील व्याजानं पैसे आणायला तयार झाले. मामा म्हणाला, आधी जनावर बघू.

विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात वरचेवर एसट्या बंद असायच्या, ते दिवस. आम्ही ट्रकमध्ये बसून गंगाखेड गाठलं, पुढं रेल्वेनं गेलो. कॉलेजात मामा थेट प्राचार्यांच्या खोलीत शिरला. तुमच्या हितून सुटलेल्यांपैकी किती कामाला लागले आणि किती घरी बसून खायलेत, असं त्यानं विचारलं. प्राचार्य हसले आणि त्यांनी आम्हाला क्लार्ककडं पाठवलं. क्लार्कनं फी आणि देणगीचा आकडा सांगितला. तो ऐकून मामा बाहेर आला, लिंबाखाली बसला आणि बोटं मोजू लागला.

"मेंढरं शेतात बसवली तर खताच्या बदल्यात दाणे मिळतेत. बी.एड. झालेली बाई शेतात बसवली तर कोण दाणे देतंय? लोकर न्हाई. मेल्यावर कातडं न्हाई. लय महाग जनावर हाय, माय."

मी रडकुंडीला आले. मामानं मोजायची बोटं मिटली.

"तुला मास्तरीणच व्हायचंय?"

"व्हायचंय."

"मंग व्याजानं न्हाई आणायचं. अर्धलीनं घे."

आमच्याकडं एकाची मेंढी दुसरा सांभाळतो, त्याला अर्धली म्हणतात. चारापाणी आणि राखण सांभाळणाऱ्याची. पिलं झाली की निम्मी निम्मी, आणि पहिली निवड मालकाची. मामानं कळपातल्या निवडक मेंढ्या बाजारात उभ्या केल्या आणि माझं बी.एड. मला अर्धलीवर दिलं.

मी पास झाले. नोकरी लागली ती पालमजवळच्या एका वाडीवर, विनाअनुदानित शाळेत. म्हणजे शाळा पत्र्याची, पोरं खरी आणि पगार ग्रँट आल्यावर. मामा दर सणाला दारात हजर.

"व्याली का?"

"न्हाई, मामा."

"गाभण तरी?"

"फाइल मुंबईला गेलीय."

"थांबू मंग. काही उशिरा लागतेत."

शेजारच्या बायका कान टवकारायच्या. मी तेव्हा बिनलग्नाची होते. एकदा वैतागून म्हणाले की मामा, ही डिगरी हाय, मेंढी न्हाई. त्यानं मान डोलावली आणि पुढच्या सणाला पुन्हा तेच विचारलं. जाताना मात्र ज्वारीचं पोतं ठेवून जायचा. चारा सांभाळणाऱ्याचा असतो, मी त्याला आठवण करून द्यायची. "आजारी जनावर मालकालाच बघावं लागतंय," म्हणायचा. त्याचा कळप दर सणाला विरळ दिसत होता. याचं आपण कधी फेडणार, या विचारानं मला ती भाकर गोड लागत नसे.

शेवटी ग्रँट आली. पहिला पूर्ण पगार हातात पडला तशी मी निम्मा पदराला बांधून त्याच्या घरी गेले. मामी जाऊन बरीच वर्षं झाली होती, आणि पाळणा त्या घरात कधी हललाच नव्हता. चुलीपुढं एकच थाळी पालथी पडलेली. मामानं पैशाकडं बघितलं, हात लावला नाही.

"हे तर दूध हाय. अर्धलीत दूध कोणाचं? सांभाळणाराचं. एवढी शिकलीस आन रीत इसरलीस?"

"मग तुझा हिस्सा?"

"पिलं."

"कुठली पिलं, मामा?"

"उद्या येतो निवडायला."

आला. धुतलेला पटका बांधून पाचवीच्या वर्गाच्या दारात काठी टेकवून उभा राहिला. बाजारात मामानं मरतुकडं जनावर घेतलेलं मी कधी बघितलं नव्हतं. इथं त्यानं शेंबडी, मागच्या ओळीतली, दप्तर म्हणून खताची पिशवी आणणारी, अशी पोरं वेचून वेचून बाजूला काढली. मी म्हणाले, एखादं हुशार तरी घे की.

"तगडं कुठं बी जगतंय. ते तू ठेव."

तेव्हापासून शाळा सुटायच्या वेळी मामा दारात असायचा. घोंगड्यात भुईमुगाच्या शेंगा. दारात काठी आडवी धरायचा आणि पोरं तिच्याखालून वाकून बाहेर पडायची. वाड्यात घेताना मेंढरं मोजतात तशी तो मोजायचा. शेंगा मात्र दोन्ही हिश्श्यांना मिळायच्या.

एक दिवस काठी खाली आली.

"माय, माझ्यातली राधी न्हाई आली."

मी म्हणाले, कापसाचा हंगाम आहे, वेचायला गेली असेल, येईल चार दिवसांनी. मामानं शेंगा माझ्या टेबलावर ओतल्या, घोंगडं झटकलं आणि राधीच्या वस्तीच्या वाटेला लागला.

दुसऱ्या दिवशी प्रार्थना चालू असताना राधी आली. मामाच्या घोंगड्याचं टोक धरून.